बोलावणे कितीदा येते?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्हांला इंग्लंडहून एक पत्र आले. लिहिणारी भगिनी आमच्या एका जुन्या धर्मग्रामातली. तिचा विवाह आम्हीच लावला होता. परिचारिकेच्या नोकरीसाठी ती तिकडे गेली, त्याला आता बरीच वर्षे झाली. मोबाइलवरून क्षणात निरोप धाडता येत असताना तिने चार पाने हाताने लिहून काढली होती. विषय तिच्या मनाला लागला आहे, हे त्यावरूनच आमच्या ध्यानी आले.

झाले होते ते असे. तिच्या दारी एक सरकारी लिफाफा येऊन पडला. अमुक तारखेपासून दोन आठवडे क्राउन कोर्टात ज्यूरीच्या कामासाठी हजर व्हावे, असा त्यात हुकूम होता. सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, असेही बजावले होते. तिला प्रथम वाटले, पत्र चुकून आले असावे, कारण तिच्याजवळ अद्याप भारताचेच पारपत्र आहे. पण चूक नव्हती. राष्ट्रकुलातील नागरिकांना तेथे रीतसर वास्तव्य असल्यास मतदार म्हणून नाव नोंदवता येते. आणि ज्याचे नाव मतदारयादीत, वय १८ ते ७५ आणि वास्तव्य किमान पाच वर्षांचे, त्याला ज्यूरीसाठी बोलावता येते. मग तो प्राध्यापक असो वा झाडूवाला.

पत्रात तिने आम्हांला तीन प्रश्न विचारले होते. "फादर, आमची शेजारीण येथेच जन्मली, साठीला आली, तिला एकदाही असे पत्र आले नाही. माझ्या वॉर्डातल्या एका सहकाऱ्याला मात्र तिसऱ्यांदा आले. हे बोलावणे माणसाला कितीदा येते?" हा पहिला प्रश्न. "यातून सुटका मागितली तर ते पाप होईल काय?" हा दुसरा. आणि तिसरा प्रश्न तिने पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात लिहिला होता: "प्रभूने तर दुसऱ्याचा न्यायाधीश होऊन बसण्यास मनाई केली आहे. मग मी त्या खुर्चीत कशी बसू?"

पत्र वाचून आम्ही कपाटात ठेवले. उत्तर लिहिण्यास आम्हांला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे मनात आले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते, पण ते अर्धेच. इंग्लंडात ज्यूरीची नावे मतदारयादीतून यंत्राद्वारे, कोणताही क्रम न लावता निवडली जातात. गेल्या दोन वर्षांत ज्याने हे काम केले असेल त्याला सूट मागण्याचा हक्क आहे. अमेरिकेत नागरिकत्व लागते. मतदारयाद्या आणि बहुतेक ठिकाणी वाहन परवान्यांच्या याद्या एकत्र करून नावे काढतात. तेथील संघीय कायद्यानुसार कोणाही नागरिकाला दोन वर्षांत तीस दिवसांहून अधिक काळ या कामासाठी राबवता येत नाही. चालू खटला संपवणे भाग असेल तेवढाच त्याला अपवाद. राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत. कॅलिफोर्नियात एकदा काम केल्यावर किमान बारा महिने उसंत मिळते, न्यूयॉर्कमध्ये किमान सहा वर्षे.

परंतु हे सारे नियम 'किमान किती काळ बोलावणार नाही' एवढेच सांगतात. 'कधी बोलावू' हे कोणीच सांगत नाही, कारण ते कोणाच्याच हातात नाही. अमेरिकेतील राज्य न्यायालयांच्या राष्ट्रीय केंद्राने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असा अंदाज दिला होता की, वर्षाकाठी सुमारे तीन कोटी वीस लाख बोलावणी धाडली जातात आणि प्रत्यक्ष ज्यूरीच्या खुर्चीत बसतात ते सुमारे पंधरा लाख. म्हणजे शंभर पत्रे गेली तर पुरते पाच जणही आसनस्थ होत नाहीत. कोणाचा पत्ता बदललेला असतो, कोणी अपात्र ठरतो, कोणाचे काम दाराशी बसून वाट पाहण्यातच संपते, तर कोणाला वकील नाकारतात. म्हणून एकाला तीनदा पत्र येते आणि त्याच्या शेजाऱ्याला जन्मात येत नाही. ज्याने त्याने आपापला अनुभव हाच नियम समजावा, इतकी ही गोष्ट लहरी आहे.

चिठ्ठ्या टाकून माणूस निवडणे आम्हां ख्रिस्ती लोकांना अपरिचित नाही. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित नेमताना दोन नावे पुढे आली, प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि मत्थियाची निवड झाली. अर्थात तेथे प्रार्थना होती आणि येथे यंत्र आहे, हा भेद आम्ही विसरत नाही. तरीही दोन्हींत एक साम्य आहे. चिठ्ठी कोणाची योग्यता पाहत नाही. त्यामुळे जिच्यावर नाव निघाले त्याला गर्व करता येत नाही, आणि मी यास लायक नाही म्हणून पळताही येत नाही.

ज्यूरीच्या पद्धतीचा आणि आपल्या मातृतुल्य ख्रिस्तसभेचा संबंध त्याहूनही जवळचा आहे. तो आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असतो. बाराव्या शतकापर्यंत युरोपात गुन्ह्याचा निकाल पुष्कळदा दिव्याने लावीत. आरोपीच्या हाती तापलेले लोखंड देत, काही दिवसांनी जखम चिघळली तर तो दोषी. किंवा त्याला बांधून पाण्यात सोडीत, पाण्याने त्याला आत घेतले तर निर्दोष, तो तरंगला तर दोषी. या विधीला धर्मगुरूचा आशीर्वाद लागे. १२१५ साली परमगुरू तिसरे इनोसंट यांनी बोलावलेल्या चौथ्या लातेरान महासभेने धर्मगुरूंना असा आशीर्वाद देण्यास मनाई केली. धर्मगुरू बाजूला झाल्यावर दिव्याला आधार उरला नाही. १२१९ साली इंग्लंडच्या राजाने आपल्या न्यायाधीशांना दिव्यावाचून काम चालवण्याचे आदेश दिले, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागी हळूहळू येऊन बसले ते आरोपीचे शेजारी: बारा साधी माणसे, शपथेने बांधलेली.

युरोपच्या अन्य भागांत मात्र ती जागा आरोपीच्या कबुलीजबाबाने घेतली आणि कबुली मिळवण्यासाठी यातना देण्याची प्रथा आली. आपल्या धर्मन्यायालयांचाही त्यात वाटा होता, हे आम्ही लपवू इच्छित नाही.

देवाने चमत्कार करून निकाल सांगावा ही अपेक्षा संपली, तेव्हा निकालाचे ओझे माणसाच्या विवेकबुद्धीवर येऊन पडले. ते ओझे किती जड वाटत असेल याची कल्पना करावी. निर्दोष माणसाला फासावर देणे हा खून, आणि खून हे प्राणघातक पाप, असे मानणारी ती भाविक माणसे होती. येल विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक जेम्स व्हिटमन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, 'वाजवी संशय असल्यास दोषी ठरवू नये' हा आज जगभर मान्य झालेला नियम मुळात आरोपीला वाचवण्यासाठी घडला नव्हता. निवाडा देणाऱ्यांचा आत्मा सुरक्षित राहावा म्हणून तो घडला. शंका असेल तेथे हात आवरता घ्यावा, ही नीतिशास्त्राची जुनीच शिकवण त्यामागे होती. आमच्या त्या भगिनीने पानाच्या तळाशी बारीक अक्षरात जे लिहिले, तेच भय आठशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या शेतकऱ्यालाही वाटले असेल. तिचा प्रश्न भाबडा नाही. या पद्धतीचा पायाच त्या प्रश्नावर उभा आहे.

बारा माणसे बसली म्हणजे न्याय होतोच, असे मात्र कोणी समजू नये. १५३५ साली संत थॉमस मोर यांच्यावर खटला चालला तेव्हाही समोर ज्यूरी होती. राजाची मर्जी काय आहे हे त्या माणसांना ठाऊक होते. त्यांनी अल्पावधीतच मोर यांना दोषी ठरवले. याच्या उलट १६७० साली लंडनमध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोन क्वेकरपंथीयांना रस्त्यावर प्रवचन केल्याबद्दल न्यायासनापुढे उभे केले, तेव्हा ज्यूरीने त्यांना दोषी ठरवण्यास नकार दिला. ज्यूरीच्या लोकांना अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवले गेले. तरीही ते बधेनात, तेव्हा त्यांना दंड झाला आणि तो भरण्यास नकार देणारे तुरुंगात गेले. त्यांच्यातील एडवर्ड बुशेल याने दाद मागितल्यावर मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी निर्णय दिला की, निवाड्याबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही. तीच पद्धत, तशीच साधी माणसे. एके ठिकाणी भय जिंकले आणि दुसऱ्या ठिकाणी विवेक.

ज्यांना शतकानुशतके हे बोलावणे आलेच नाही, त्यांच्या बाजूनेही या प्रश्नाकडे पाहिले पाहिजे. इंग्लंडात स्त्रियांना ज्यूरीत बसण्याचा हक्क १९१९ च्या कायद्याने मिळाला. पुढेही पन्नासहून अधिक वर्षे ठराविक मूल्याचे घर ज्याच्या नावावर चाले, त्यालाच प्राधान्याने बोलावीत; ती मालमत्तेची अट १९७४ साली गेली. वसतिगृहातील एका खोलीत राहणाऱ्या परदेशी परिचारिकेला त्यापूर्वी कोणी विचारले नसते. अमेरिकेत केवळ गोऱ्यांनाच ज्यूरीत घेण्याचा एका राज्याचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८० साली रद्द केला. तरी वर्णावरून माणसे वगळण्याच्या वकिली क्लृप्त्यांना बांध घालण्यासाठी त्याच न्यायालयाला १९८६ साली पुन्हा निर्णय द्यावा लागला. मधल्या शंभर वर्षांत किती काळ्या आरोपींनी समोर बसलेल्या बारा गोऱ्या चेहऱ्यांत आपला एकही शेजारी पाहिला नसेल! आपल्याला जे बोलावणे म्हणजे कटकट वाटते, ते मिळावे म्हणून दुसऱ्या कोणी पिढ्यान्‌पिढ्या झगडा केला आहे. बोलावले जाणे म्हणजे आपल्या शब्दाला किंमत आहे असे समाजाने मान्य करणे होय.

आपल्या देशातही एके काळी ज्यूरी होती. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा नऊ जणांच्या ज्यूरीतील सात युरोपीय सभासदांनी त्यांना दोषी मानले आणि दोघा पारशी सभासदांनी निर्दोष. पुढे १९५९ साली नौदल अधिकारी नाणावटी यांच्या खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोषत्वाचा कौल दिला. सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तेथे नाणावटी दोषी ठरले आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केले. वृत्तपत्रांच्या गदारोळात दहावा, म्हणजे बाहेरचा, आवाज आत शिरला असे तेव्हा अनेकांना वाटले. याच एका खटल्यामुळे भारतातील ज्यूरी गेली असे लोक म्हणतात, ते खरे नाही. विधी आयोगाने १९५८ सालीच ती बंद करण्याची शिफारस केली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. पारशी समाजाच्या विवाहविषयक दाव्यांत समाजातील पाच प्रतिनिधी न्यायाधीशासोबत बसतात, एवढीच तिची आठवण कायद्यात शिल्लक आहे.

तेव्हा वाचक म्हणतील, "फादर, आम्हांला तर हे बोलावणे येण्याचा संभवच नाही. मग हा विषय आमच्यापुढे कशाला?"

संभव नाही, असे नाही. आपल्या गावात चोरी होते, पोलीस झडतीसाठी येतात, आणि परिसरातील दोन प्रतिष्ठित व निःपक्षपाती रहिवाशांनी पंच म्हणून हजर राहावे, अशी त्यांना कायद्यानेच अपेक्षा असते. लेखी बोलावणे आल्यावर सबळ कारण नसताना नकार देणे हा अपराधच आहे. जुन्या संहितेत तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ते कायम आहे. पण पोलिसांची गाडी गल्लीत शिरली की आपल्या धर्मग्रामातील किती खिडक्या मिटतात, हे आम्ही ओट्यावर उभे राहून पाहिले आहे. "नसती भानगड नको," "कोर्टाच्या खेपा कोण घालणार?" असे म्हणणारी ही मंडळी वाईट नाहीत. तीच रविवारी मिस्सेला पहिल्या बाकावर असतात. त्यांची अडचणही खरी आहे: खटला उभा राहायला वर्षे लागतात, रजा बुडते, धमक्या येतात. तरीही पाचामुखी परमेश्वर म्हणणाऱ्या आपल्या समाजात पाचांतला एक होण्याची वेळ आली की आपण मागील दाराने बाहेर पडतो, याचा विचार झाला पाहिजे.

आणि जेथे कोणी बोलावलेले नसते, तेथे मात्र आपण न चुकता हजर असतो! विहिरीच्या काठी, लग्नाच्या मांडवात, मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आपली ज्यूरी रोज बसते. अमक्याची सून, तमक्याचा मुलगा, ट्रस्टचा हिशेब, सारे खटले तेथे चालतात. शपथ नाही, पुरावा नाही, आरोपी हजर नाही आणि निकाल मात्र पाच मिनिटांत. कोर्टाचे बोलावणे जन्मात एकदा येईल न येईल; या ज्यूरीत आपण रोज बसतो.

हे आम्ही इतरांना उद्देशून लिहीत नाही. आमचा स्वतःचा एक निवाडा गेली कित्येक वर्षे आमच्या मनात खुपतो आहे. आमची गुरुदीक्षा होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. एका लहान धर्मग्रामाची जबाबदारी आमच्यावर आली. तेथे चर्चची झाडलोट करणारा, घंटा वाजवणारा एक वयस्कर सेवक होता. दानपेटीतील पैसे कमी भरतात अशी कुजबुज सुरू झाली. एके सायंकाळी गावातील दोन मानकरी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "फादर, आम्ही त्याला पेटीपाशी पाहिला." दोघेही सज्जन, दोघेही आमच्या वडिलांच्या वयाचे. आम्ही त्यांना कॉफी दिली. दुसऱ्या दिवशी त्या सेवकाला बोलावून, त्याची अब्रू राहावी म्हणून, 'आता तुमचे वय झाले, विश्रांती घ्या' असे सांगून दोन महिन्यांचा पगार हाती ठेवला. त्याने आमच्याकडे थोडा वेळ पाहिले, किल्ल्या मेजावर ठेवल्या आणि तो गेला. आपण प्रकरण किती प्रेमाने आणि चातुर्याने मिटवले, याचे आम्हांला त्या रात्री समाधानही वाटले.

त्याने पैसे घेतले होते की नव्हते, हे आम्हांला आजही ठाऊक नाही. ठाऊक होणे शक्यही नाही, कारण आम्ही विचारलेच नाही. पुढे त्याचे निधन झाले.

जुन्या करारात दानिएलच्या ग्रंथात सुसान्नेची कथा आहे. दोन वडीलधारे, न्यायासनावर बसणारे, एका निष्पाप स्त्रीवर बालंट घेतात. लोक त्यांच्या वयाकडे आणि मानाकडे पाहून विश्वास ठेवतात आणि तिला मरणदंड सुनावतात. तेवढ्यात दानिएल नावाचा कोवळा तरुण पुढे येतो. तो काही चमत्कार करीत नाही. दोघांना एकमेकांपासून दूर करा म्हणतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: तुम्ही तिला कोणत्या झाडाखाली पाहिले? दोघे दोन झाडांची नावे घेतात आणि खोटे उघडे पडते. ही कथा आम्ही सेमिनरीत अभ्यासली होती, तिच्यावर प्रवचनही दिले होते. आणि आमच्या दारी जेव्हा दोन वडीलधारे आले, तेव्हा त्यांना वेगवेगळे बसवून 'कधी पाहिले? त्याच्या हाती काय होते?' एवढेही विचारण्याचे आम्हांला सुचले नाही. ते खोटे बोलत होते असे आमचे म्हणणे नाही. कदाचित ते जे पाहिले तेच सांगत होते. पेटीपाशी झाडू घेऊन उभा असलेला माणूसही पेटीपाशीच असतो.

आता त्या भगिनीच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. प्रभू येशूने दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढू पाहणाऱ्याला आधी स्वतःच्या डोळ्यातील मुसळ पाहण्यास सांगितले, हे खरे. परंतु योहानाच्या शुभवर्तमानात तोच प्रभू, वरवर दिसते त्यावरून निर्णय न करता यथार्थ न्याय करावा, असेही सांगतो. या दोहोंची सांगड संत थॉमस अक्विनास यांनी घालून दिली आहे. त्यांच्या मते न्यायनिवाडा ही मुळात न्याय या सद्गुणाचीच कृती आहे. मात्र त्याला तीन गोष्टी हव्यात: मनात न्यायाची ओढ, निवाडा देण्याचा अधिकार आणि विवेकाने केलेली खात्री. पहिली नसेल तर निवाडा अन्यायाचा ठरतो, दुसरी नसेल तर बळकावलेला, आणि तिसरी नसेल तर उतावळा. आणि जेथे शंका उरते तेथे माणसाच्या बाजूने अर्थ लावावा, असेही ते सांगतात. त्यात एखाद्या दुष्टाविषयी आपले मत चुकून चांगले झाले तरी तोटा थोडा, पण एखाद्या सज्जनाविषयी वाईट झाले तर त्याची हानी मोठी.

या मापाने पाहिले तर कोर्टात बसलेली आमची भगिनी आणि चर्चच्या आवारातील आपली ज्यूरी यांतील भेद स्पष्ट होतो. तिला अधिकार दिलेला आहे, तिने शपथ घेतलेली आहे, दोन्ही बाजू तिच्या कानांवर पडणार आहेत आणि खात्री न झाल्यास 'दोषी नाही' असे म्हणण्याची तिला मोकळीक आहे. शिवाय ती त्या माणसाच्या आत्म्याचा निकाल देत नाही. अमुक कृत्य त्याच्या हातून घडल्याचे सिद्ध झाले की नाही, एवढेच तिला सांगायचे आहे. आत्म्याचा निकाल प्रभूने स्वतःकडे राखून ठेवला आहे. आवारातील ज्यूरी मात्र नेमका तोच निकाल देऊन मोकळी होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना आमच्या मनात थोडा संकोच होता. कारण आम्हां धर्मगुरूंना ख्रिस्तसभेचा कायदाच सांगतो की, नागरी कायद्याने दिलेल्या अशा सवलतींचा आम्ही लाभ घ्यावा. इंग्लंडात पूर्वी धर्मगुरू ज्यूरीसाठी अपात्रच होते. २००३ च्या कायद्याने ती अपात्रता गेली. जो स्वतः सुटका मागणार, त्याने दुसऱ्याला 'जा' म्हणून सांगावे काय? पण विचारांती आम्ही लिहिले की, आजारपण, अंगावरचे मूल, अगतिक म्हाताऱ्यांची शुश्रूषा अशी खरी अडचण असेल तर तारीख पुढे मागण्यात काहीच पाप नाही. कायदाच ती वाट ठेवतो. केवळ गैरसोय टाळण्यासाठी खोटे कारण सांगणे मात्र दुहेरी दोषाचे आहे. असत्य तर ते आहेच. शिवाय आपण सोडलेली खुर्ची रिकामी राहत नाही. तेथे दुसरा कोणी बसतो. ज्यांना भीती वाटते, ज्यांचा विवेक टोचतो, ती सारी माणसे बाजूला झाली, तर उरतील ती कोण? ज्या माणसाला निवाडा देताना भय वाटते, त्यानेच तेथे बसावे, असे आमचे मत झाले.

नाताळात ती सुट्टीवर घरी आली आणि आम्हांला भेटून गेली. दोन आठवडे ती कोर्टात जाऊन आली होती. ज्यूरीच्या खोलीत काय बोलणे झाले हे बाहेर सांगणे तेथे गुन्हा आहे, म्हणून आम्ही विचारले नाही. पापनिवेदनाचे गुपित राखणाऱ्याला दुसऱ्याच्या मौनाची किंमत कळते. निघताना ती आपण होऊन एवढेच म्हणाली, "फादर, आजवर मी कोणाचे एवढे ऐकून घेतले नव्हते. नवऱ्याचेसुद्धा नाही." आणि हसली.

ती गेल्यावर आम्ही पुष्कळ वेळ मेजाशी बसून राहिलो. नंतरच्या आठवड्यात आम्ही त्या जुन्या धर्मग्रामात गेलो. सेवकाचा मुलगा आता स्वतः आजोबा होण्याच्या वयाचा आहे. त्याच्या ओट्यावर बसून आम्ही त्याला म्हणालो, "तुझ्या वडिलांना मी काही न विचारता काढले. ती माझी चूक झाली. क्षमा कर." तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांना ठाऊक होते लोक काय बोलतात ते. पण ते तुमच्याविषयी कधी वाईट बोलले नाहीत. म्हणायचे, फादर तरुण आहेत, एक ना एक दिवस येऊन विचारतील. बरेच दिवस वाट पाहिली त्यांनी."

प्रिय वाचकहो, सरकारी लिफाफा तुमच्या दारी येईल वा न येईल. परंतु आज ना उद्या कोणी तरी ओट्यावर येऊन बसेल आणि शेजाऱ्याविषयी काही सांगू लागेल. तेव्हा निदान एवढे करा: तुम्ही स्वतः काय पाहिले, असे त्याला विचारा. आणि शक्य झाल्यास चार पावले चालून त्या शेजाऱ्याकडे जा. तो कदाचित वाट पाहत असेल.